बोटांनी मोजलेले रस्ते

एखाद्या माणसावर इतकी वर्षं जळायचं, तर तो निदान दिसायला तरी बरा असावा. हे गृहस्थ तसेही नव्हते. बुटके, अंगानं वाळके, डोक्यावर केस कमी आणि तेल जास्त. पॅन्ट सायकलच्या चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाला क्लिप लावलेली, ती ऑफिसात खुर्चीवर बसले तरी तशीच. शर्टाच्या खिशात पेनऐवजी खडू. आणि सायकलच्या हँडलला चहाच्या टपरीवर असते तशी एक अ‍ॅल्युमिनियमची किटली, झाकण हरवलेली.

मी त्यांच्यावर जळायचे. आता हे सांगायला लाज वाटत नाही. तेव्हा मात्र मी त्या जळण्याला निरनिराळी नावं द्यायचे. कधी म्हणायचे, त्यांची पद्धत शास्त्रीय नाही. कधी म्हणायचे, त्यांच्यामुळे ऑफिसची शिस्त बिघडते. घरी मात्र स्वयंपाक करता करता त्यांच्याबद्दल इतकं बोलायचे, की एकदा आमचे हे म्हणाले, "त्या माणसाला एक दिवस जेवायलाच बोलाव, म्हणजे आपलं जेवण तरी शांतपणे होईल."

नव्वदच्या सुरुवातीला मी नाशकात महापालिकेच्या रस्त्यांच्या खात्यात लागले. पुण्याची डिग्री होती, आणि खात्यातली पहिली बाई इंजिनिअर म्हणून माझ्याकडे लोक वळून बघायचे. ते डिप्लोमावाले, घोटीकडचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आमची टेबलं समोरासमोर होती. ऑफिसात कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं, की आधी माझ्या टेबलाजवळून पुढे जायचं आणि त्यांच्या टेबलापाशी थांबायचं. ते नसले तर लोक बाकावर बसून राहायचे. मी विचारायचे, काय काम आहे? उत्तर यायचं, काही नाही मॅडम, साहेब येऊ द्या.

आमचं काम ऐकायला सोपं होतं. नाशिक चहूबाजूंनी वाढत होतं, मळ्यांचे प्लॉट पडत होते, आणि घरं आधी उभी राहून रस्ते मागून येत होते. दरवर्षी शंभरेक गल्ल्या उखडलेल्या असायच्या आणि पैसे वीस-पंचवीस गल्ल्यांपुरते. अंदाजपत्रकात रस्त्यांच्या नावानं जे मिळे, त्यातलं बरंचसं मोठे रस्ते खात. सिंहस्थ जवळ आला की घाटाकडचे रस्ते खात. उरेल ते लोकांच्या दारापुढच्या गल्ल्यांना. त्यात नगरसेवकांचा निधी असायचा, पण तो ज्याच्या त्याच्या मर्जीचा. म्हणून कुठली गल्ली आधी आणि कुठली नंतर, याची एक यादी करायची असे. ती यादी म्हणजे आमच्या खात्याचा जीव होता. पैसे जिथे संपत, तिथे यादीत एक आडवी रेघ मारली जाई, आणि रेघेच्या खाली राहिलेली गल्ली आणखी एक वर्ष धूळ खाई.

ही यादी ते किटलीनं करत.

दिवाळी झाली की ते सायकल घेऊन निघत. गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर असेल तिथे पाणी मागायचं, किटली काठोकाठ भरायची, हँडलला अडकवायची आणि सरळ रेषेत, खड्डा न चुकवता, एका चालीनं सायकल हाणायची. विजेचे सहा खांब झाले की उतरायचं आणि किटलीत बोटं घालून पाणी किती उतरलं ते बघायचं. दोन बोटं सांडलं असेल तर खड्डे बुजवले की पुरे. चार सांडलं तर वरून नवा थर. त्याहून जास्त सांडलं तर रस्ता उकरून खालपासून पुन्हा बांधा. मग किटली पुन्हा भरून पुढचे सहा खांब. गल्लीतली सगळी माणसं ओट्यावर येऊन उभी राहत, आणि बोटं किती निघाली हे साहेबांनी सांगेपर्यंत कुणी बोलत नसे.

मी एकदा त्यांना विचारलं, हे खूळ आलं कुठून? ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "लोक म्हणतात ना मॅडम, पोटातलं पाणी हललं नाय असा रस्ता पायजे. आता पोटात काय आपल्याला बघता येत नाय. म्हून किटली."

ऑफिसात सगळे हसायचे. पाठीमागे त्यांना किटली असंच म्हणायचे. मीही म्हणायचे. पण कॉलन्यांतून, वाड्यावस्त्यांतून त्यांना 'किटलीवाले साहेब' म्हणत, आणि त्या 'साहेब'मध्ये जे काही होतं ते माझ्या 'मॅडम'मध्ये कधीच आलं नाही.

त्यांच्या आणखी तऱ्हा होत्या. डब्यात फक्त भात असायचा, घरच्या तांदळाचा, आणि त्याचा वास सगळ्या खोलीभर. चहा घ्यायचे नाहीत, किटली घेऊन फिरणारा माणूस असूनही. नळावर पाणी भरणाऱ्या बायकांना हटकून विचारायचे, पाणी साचतं कुठं, आणि सांगतील तिथे खडूनं खूण करायचे. नुकत्या झालेल्या रस्त्यावर टेलिफोनवाले केबलसाठी खणायला आले, की हा एरवी हळू बोलणारा माणूस सायकल आडवी टाकून भर रस्त्यात उभा राहायचा. "आधी पोट, मग अंगरखा," हे त्यांचं पालुपद. म्हणजे आधी जमिनीखालच्या पाण्याच्या, गटाराच्या लाइनी, आणि मगच वरचं डांबर. हे ते शिपायापासून आयुक्तांपर्यंत सगळ्यांना सारख्याच आवाजात सांगत.

मी स्वस्थ बसले नाही. पुण्याहून पुस्तकं मागवली, तक्ते केले. भेगा किती, खड्डे किती, खडी किती निघालीये, रहदारी किती, सगळ्याला गुण. तीन महिने दोन कनिष्ठ इंजिनिअर घेऊन उन्हात फिरले. चेहरा काळवंडला, पण यादी झाली, कंप्युटरवर छापलेली. शहर अभियंत्यांनी ती किटलीच्या यादीशेजारी ठेवली. पहिल्या पंचवीसातल्या तेवीस गल्ल्या सारख्याच होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, बाईंचं काम पद्धतशीर आहे. शहर अभियंते म्हणाले, "म्हणजे किटली बरोबर आहे तर." त्या दिवशी मी डबा न खाता घरी परत नेला.

आणि तो नगरसेवकाचा प्रसंग. पंचवटीकडच्या एका नगरसेवकाला आपला सगळा निधी स्वतःच्या बंगल्यापुढच्या रस्त्यावर लावायचा होता. तो रस्ता चांगला होता. त्याच्या मागच्याच गल्लीत चाळी होत्या आणि तिथे पाय ठेवायची सोय नव्हती. मी त्या माणसाला दोन महिने पत्रं लिहीत होते, नियम दाखवत होते. तो पत्रं घडी करून खिशात ठेवायचा. एक दिवस किटलीवाले त्याच्या दारात गेले आणि म्हणाले, साहेब, दहा मिनिटं माझ्या सायकलवर बसा. पांढऱ्याशुभ्र कपड्यातला तो माणूस काय सुचलं कोण जाणे, कॅरियरवर बसला. त्याच्या मांडीवर भरलेली किटली दिली. बंगल्यापुढून नेलं, पॅन्ट कोरडी. मग मागच्या गल्लीतून नेलं. परत आला तेव्हा तो कमरेखाली भिजलेला होता, आणि चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. क्षणभर त्याला राग आला असावा, पण मग तोही हसायला लागला. निधी मागच्या गल्लीला गेला, आणि पुढच्या निवडणुकीत तो तिथूनच जास्त मतांनी निवडून आला. मी तेव्हा ऑफिसात बसून त्याला आठवं पत्र लिहीत होते.

मखमलाबादच्या बाजूला एक माळ्यांचं कुटुंब होतं, गुलाबाचा मळा असलेलं. पहाटे फुलांच्या पाट्या सायकलवर लादून बाजारात न्यायच्या, आणि रस्ता असा की निम्म्या पाकळ्या वाटेतच गळायच्या. एका वर्षी त्यांच्या रस्त्याची पाहणी माझ्याकडे आली. मी टेप, तक्ते घेऊन गेले. घरातली म्हातारी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "बाई, तुमचं लिवणं लय चांगलं आसंल. पन किटली कुठं हाय?" मी सांगितलं, किटली येणार नाही, या वर्षी मी आले आहे. तिनं मला पाणी दिलं, चहा दिला, निघताना दोन गुलाबही दिले, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यांना बोलावून आणलं.

याच सुमाराला कार्यकारी अभियंत्याची जागा रिकामी व्हायची होती. सेवाज्येष्ठता त्यांची, डिग्री माझी. दोघांचीही नावं वर गेलेली. ते त्याबद्दल एक शब्द बोलत नसत, आणि मला त्याचाही राग यायचा. हवं असलेलं न मागता बसणं मला कधी जमलं नाही.

आम्ही राहायचो नाशिक रोडला, जेलरोडच्या बाजूच्या एका कॉलनीत. आमच्या ह्यांची नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये. आमची गल्ली म्हणजे खडी आणि फुफाटा. शेजारीपाजारी टोमणे मारायचे, की रस्त्याच्या इंजिनिअर आमच्याच गल्लीत राहतात म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं. त्या वर्षी आमच्या भागाची पाहणी किटलीवाल्यांकडे होती. मी घरी नव्हते. पहिलं घर आमचंच, म्हणून पाणी मागायला ते आमच्याकडे आले. सासूबाईंनी किटली भरून दिली, ओट्यावर बसवून लाडू खाऊ घातला, आणि मी संध्याकाळी चपला काढते न काढते तोच सांगायला लागल्या. काय साधा माणूस, काय बोलणं, आईची किती आठवण काढत होता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या ऑफिसात अशीही माणसं आहेत, कधी बोलली नाहीस."

बोलले नव्हते! रोज तेवढंच बोलत होते.

यादी तयार झाली. त्यांचं अक्षर कोंबडीच्या पायाचं, म्हणून टाइप करून घ्यायचं काम माझ्याकडे असे. त्यांच्या कागदावर गल्लीचं नाव, त्यापुढे बोटं, आणि काही नावांपुढे एक छोटा गोल. हा गोल कशाचा, ते मी कधी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं टाइप करताना मी तो सरळ सोडून देत असे. त्यांना काही विचारायचं म्हणजे मला कमीपणा वाटायचा.

आमची गल्ली पाच बोटांची होती, पण नंबर एकतिसावा. तिच्या वर चार बोटांच्याही गल्ल्या होत्या. रेघ चोविसाव्यावर. मी तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसले. मला वाटलं, सापडला. एवढी वर्षं ज्याचा खरेपणा सगळे डोक्यावर घेऊन नाचत होते, त्यानं माझी गल्ली मुद्दाम मागे टाकली होती, जागेसाठी. खरं सांगते, मला राग आलाच नाही. आनंद झाला. माझ्यासारखाच आहे म्हणायचा, असं वाटलं.

मी एकतिसावी गल्ली नवव्या नंबरावर टाइप केली. बोटं तर पाच होतीच, कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. कुणी विचारलं नाही. त्यांच्यापुढे यादी ठेवली तर म्हणाले, "मॅडमनी केलंय ना, मग काय बघायचं," आणि सही केली.

रस्ता झाला. खालपासून उकरून, खडी, मुरूम, दबाई, वर काळंकुळीत डांबर. रोलरला हार घातला, नारळ फोडला. शेजाऱ्यांनी मला ओट्यावर उभी करून शाल दिली. सासूबाईंनी मात्र विचारलं, "ते किटलीवाले नाही आले?"

चार महिन्यांनी एका सकाळी जेसीबी आला आणि गल्लीच्या मधोमध चर पाडायला लागला. मी तशीच धावत बाहेर गेले. ड्रेनेज खात्याचा माणूस शांतपणे म्हणाला, "लाइन मंजूर होती मॅडम, पाइप यायला उशीर झाला. तुमच्या किटलीसाहेबांना केव्हाच कळवलं होतं. ते म्हणाले, हां, गोल करून ठेवतो, म्हणजे त्या वर्षी रस्ता नाय होणार."

माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे गेल्या कित्येक वर्षांचे कागद आले. सगळे गोल.

गल्लीनं माझ्याशी बोलणं टाकलं. मग महापालिकेच्या सभेत प्रश्न निघाला, नव्या रस्त्याचे पैसे मातीत का घातले. शहर अभियंत्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. किटलीवाल्यांचा मूळ कागद त्यांच्याच कपाटात होता, मला माहीत होतं. त्यांनी तो टेबलावर ठेवला असता तर जागा जाऊ दे, माझी नोकरीही राहिली नसती. शहर अभियंत्यांनी यादी पुढे सरकवून विचारलं, ही गल्ली नवव्या नंबरावर आली कशी?

ते म्हणाले, "सही माझी हाय, साहेब. चूक झाली."

बाहेर आल्यावर जिन्यात मी त्यांना गाठलं आणि विचारलं, असं का केलंत? ते वाकून पायाची क्लिप नीट करत होते. म्हणाले, "न वाचता सही केली ती केलीच ना मी. आणि तुम्हाला त्या गल्लीत राहायचं हाय मॅडम. मी काय, सायकलवरून निघून जाणार."

मी आभार मानले नाहीत, कबुलीही दिली नाही. जागा मला मिळाली. त्यांची बदली भांडारात झाली, पाइप आणि डांबराचे पिंप मोजायला. तिथेही त्यांना शोधत माणसं जायची. माझ्या नव्या केबिनच्या दारावर पितळी पाटी होती, आणि लोक आत डोकावून विचारायचे, भांडार कुठल्या बाजूला?

मग ते निवृत्त झाले आणि घोटीला गेले. किटली भांडारात खिळ्याला टांगलेली राहिली. ती मी घरी आणली. का आणली, हे मला सांगता येणार नाही. सासूबाईंनी ती राखेनं घासून लख्ख केली आणि फडताळात ठेवली.

दोन-तीन वर्षं गेली. आमच्या गल्लीतला चर जिथे बुजवला होता, तिथे रस्ता बसत गेला. स्कूटर घसरायला लागल्या, आमच्या शेजारच्या काकांचा पाय मोडला. मी कार्यकारी अभियंता, पण आपली गल्ली यादीत घालायचं नाव काढत नव्हते, आता शेजाऱ्यांच्या नजरेला नजर कशी द्यायची म्हणून. शेवटी गल्लीचा अर्ज आला, तीस सह्यांचा. मागणी एकच होती. पाहणी किटलीवाल्या साहेबांकडून व्हावी. सह्यांमध्ये तिसरी सही सासूबाईंची.

त्या रविवारी मी फडताळातून किटली काढली, शिपायाची सायकल मागून आणली आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. कॉलेजात असताना पुण्यात मी चांगली सायकल चालवायचे. सगळे ओट्यावर आले. मी किटली भरली, अडकवली आणि निघाले. दुसऱ्या खांबापाशीच माझा डावा पाय भिजला. सहाव्या खांबाला उतरले तेव्हा किटलीत तळाशी घोटभर पाणी होतं. रस्ता तितका वाईट नव्हता, हे मलाही कळत होतं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "राहू दे आता. तुझ्याच्यानं नाही व्हायचं ते."

मी त्याच दुपारची बस धरून घोटीला गेले.

ते अंगणात तांदूळ निवडत बसले होते. पायाला क्लिप नव्हती, एवढाच फरक. मला बघून उठले, पाणी दिलं. मी खुर्चीवर बसलेच नाही. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं. "ती यादी मी बदलली होती."

"हां," ते म्हणाले, "एकतीसची नऊ. जेसीबी आला त्याच दिवशी कपाटातला कागद काढून बघितला मी." आणि मग जरा पुढे सरकून, अगदी काळजीनं विचारलं, "तो चर बुजवला तवा मुरूम थरा-थरानं दाबला का नुसता लोटला?"

मला माहीत नव्हतं. माझी गल्ली, माझं खातं, माझ्या दारापुढचा चर, आणि मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी या माणसाचा विचार करत होते. उठता बसता, स्वयंपाक करता, रात्री कूस बदलता. आणि त्यांच्या मनात मी नव्हतेच, रागानंही नव्हते. त्यांच्या मनात तो चर होता. मला वाटलं होतं, कबुली दिली की हलकं वाटेल. मी आणखीच जळले.

"उद्या पहिल्या गाडीनं येतो, सायकल टपावर टाकून," ते म्हणाले. "किटली हाय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर सासूबाई माझ्याआधी उठून, आंघोळ करून ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी किटली, काठोकाठ भरलेली, वर धूळ पडू नये म्हणून ताटली झाकलेली. त्या ताटलीवर लाडू होता. लग्नाला माझ्या तेव्हा सोळा वर्षं झाली होती. मी कामावरून येण्याची वाट बघत त्या असं काही मांडून बसल्याचं मला आठवेना.

गल्लीच्या टोकाशी सायकलची घंटी वाजली आणि सगळी दारं उघडली. मीही ओट्यावरून उतरून इतरांच्या रांगेत जाऊन उभी राहिले, बोटं किती निघतात ते ऐकायला.